मालवणच्या अभयारण्यात शिडाची बोट घेऊन यायचंय? मग आधी नांगराचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुमच्याकडे तीस फुटी शिडाची बोट आहे, तिचा पाच फूट भाग पाण्याखाली असतो, डिसेंबरात मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत यायचंय, बोटीवर चौघं असणार, आणि मालवणचं सागरी अभयारण्य नीट बघायचंय, तर सिंधुदुर्ग किल्ल्याला लागूनच नांगर टाकून दोन रात्री राहता येईल का आणि तिथूनच पाण्यात उतरून प्रवाळ बघता येतील का. मी गेली बावीस वर्षं याच किनाऱ्यावर शिडाच्या बोटी नेतोय-आणतोय, कधी मालकाबरोबर, कधी एकट्याने, त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो.

या, जरूर या. शिडावर मालवण गाठण्यासारखं सुख नाही. पण किल्ल्याजवळ नांगर टाकू नका. बोट दुसरीकडे ठेवा आणि अभयारण्यात तिथल्याच माणसाच्या होडीतून जा. बाकीचं सगळं मी सांगतोय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी जागा समजून घ्या. हे अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं, सगळं मिळून २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला गाभा ३.१८२ चौरस किलोमीटरचा. हा गाभा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतीची खडपं, म्हणजे पाण्यातले खडक. म्हणजे तुम्ही नकाशावर जिथे बोट लावायचं ठरवलंय नेमकी तीच जागा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यातल्या कलम २७ ते २९ मध्ये अभयारण्यातला प्रवेश, परवानगी आणि तिथल्या जिवांना, त्यांच्या राहत्या जागेला इजा करणं याबद्दल स्पष्ट लिहिलंय, आणि खडकाला धरून वाढणारे प्रवाळ त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघ ज्या परिशिष्टात आहे त्यात. त्यामुळे नांगराने प्रवाळ मोडला तर "चुकून झालं" म्हणून ती गोष्ट लहान होत नाही. येण्याआधी मालवणच्या बंदर कार्यालयात आणि वनखात्यात दोन्हीकडे विचारा, बोटीचे कागद, चौघांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. आणि समुद्रात हद्द कुठल्यातरी बोयाने आखलेली दिसेल असं धरून चालू नका, हद्द तुमच्या चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, तुम्हीच पेन्सिलने काढून आणायची.

आता ती खडपं. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर किल्ल्याचा मुहूर्त केला, आणि हेच बेट निवडण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याच्या भोवती पाण्याखाली पसरलेले खडक. परक्या गलबताला वाटाड्याशिवाय जवळ येताच येत नाही. साडेतीनशे वर्षांत ती खडपं कुठे गेली नाहीत. ओहोटीला काही डोकी वर दिसतात, बरीचशी दिसतच नाहीत, पाण्याच्या दोन-तीन फूट खाली असतात आणि शांत दिवशी त्यांच्यावर लाटसुद्धा फुटत नाही. पाच फूट बूड असलेल्या बोटीला ती नांगर टाकण्याच्या आधीच भेटतील. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे चार्ट घ्या, मोबाइलवरच्या नकाशावर बिलकुल विसंबू नका, तो झूम केला की दिसायला बारीक दिसतो पण खाली मोजलेला आकडा तोच जुना असतो. आणि याच खडपांवर मालवणचे प्रवाळ आहेत. लक्षद्वीपसारखं पांढऱ्या वाळूतलं सलग प्रवाळाचं रान इथे नाही, इथे काळ्या खडकावर ठिगळं ठिगळं करून वाढलेले गोळे आहेत, पोरायटिस, फेव्हाइट्स, तुर्बिनारिया ही त्यातली नेहमी दिसणारी. मधे मधे सरगॅसमचं पिवळट तपकिरी शेवाळ डोलत असतं, त्याच्या आडोशाला माशांची पिल्लं.

मुंबईहून येणाऱ्यांना मी नेहमी हा हिशोब करून दाखवतो. समजा ओहोटीला पाच मीटर पाणी आहे. भरतीचे दोन मीटर धरा, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची एक मीटर, झाले आठ. त्याच्या पाचपट दोर-चेन सोडायची म्हणजे चाळीस मीटर. आता कोकणातला डिसेंबरचा वारा कसा असतो, तर रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, पूर्वेची, ईशान्येची, तेव्हा बोट समुद्राकडे ढुंगण करून उभी राहते. दहा-साडेदहाला ती मरते, तासभर पाणी तेलासारखं, आणि बाराच्या सुमाराला वायव्येचा वारा उठतो, दुपारी दहा-पंधरा नॉट होतो, तेव्हा तीच बोट फिरून किनाऱ्याकडे जाते. म्हणजे दिवसातून दोन वेळा ती बोट चाळीस मीटरच्या दोरावर नांगराभोवती फिरते. चाळीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पाच हजार चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळजवळ पन्नास गुंठे. सव्वा एकर समुद्राच्या तळावर लोखंडी चेनेचा झाडू. वाळू असेल तर काही बिघडत नाही, दोन भरत्यांत रेघ पुसली जाते. खडपावर असेल तर पोरायटिसचा गोळा वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, आणि चेनेला त्याच्यावरून जायला एक क्षण पुरतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात मी हेच केलंय. अठ्ठावीस फुटी बोट होती, संध्याकाळ झाली होती, वारा पडत होता, किल्ल्याच्या पश्चिमेला लांबवर बाकी होड्या नव्हत्या म्हणून मोकळी जागा वाटली, नांगर टाकला, धरला, झोपलो. पहाटे मतलईवर निघायचं म्हणून ओढायला गेलो तर नांगर येईना. इंजिन लावून ओढण्याआधी मास्क लावून खाली उतरलो. पाणी त्या दिवशी खूप स्वच्छ होतं. नांगराचा दात एका कपारीत अडकला होता, ते सोडवणं सोपं होतं, पण चेन जिथून जिथून फिरली होती तिथे खडक खरवडून पांढरा झाला होता, पंख्याच्या आकारात, आणि त्यात तीन-चार गोळे फुटून पडले होते, शहाळं फोडल्यावर आतलं पांढरं दिसतं तसे. एका फुटक्या गोळ्याच्या वर बोटभर लांबीचे पाच-सहा मासे तिथल्या तिथे घुटमळत होते. त्यांचं बीळ त्याच्या खाली होतं. मी हात लावला नाही, वर आलो, चेन हाताने उचलत उचलत नांगर काढला. ते मासे अजून डोळ्यासमोर येतात. त्यानंतर मी मालवणच्या खडपांवर एकदाही नांगर टाकलेला नाही आणि माझ्याबरोबर येणाऱ्याला टाकू दिलेला नाही.

मग तळ कसा ओळखायचा, हे मला मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, शिकवलं. त्याच्याकडे शिशाचा ओळंबा होता, दोन-अडीच किलोचा, दोरीला दर वावेला, म्हणजे साधारण सहा फुटांना, गाठ. ओळंब्याच्या बुडाला खळगा, त्यात धुण्याचा साबण अंगठ्याने दाबून भरायचा. मग सोडायचा, टेकला की एकदा उचलून परत टेकवायचा आणि वर ओढून बूड बघायचं. साबणात वाळूचे कण रुतलेले आले तर रेव, राखाडी लगदा आला तर चिखल, आणि साबण नुसता चेपलेला, ओरखडलेला, स्वच्छ आला तर खडप. मी पहिल्यांदा केलं तेव्हा साबणावर एक नखाएवढी खोक पडलेली होती. तो म्हणाला, "हय घालू नको रे, खाली खडाप आसा. वायच भायर जा, थय रेव गावात." भायर म्हणजे आणखी समुद्राकडे, गावात म्हणजे सापडेल. आज सगळ्यांकडे फिशफाइंडर असतो, तो खोली चांगली दाखवतो पण तळ कशाचा आहे ते ओळखायला त्याची सवय लागते, साबणाला सवय लागत नाही. पाव किलो साबण आणि एक ओळंबा बोटीवर ठेवाच. एकाच जागी एकदा टाकून भागत नाही, बोट जिथे फिरणार त्या सगळ्या घेरात पाच-सहा ठिकाणी टाकून बघा.

डोळ्याने तळ बघायचा असेल तर वेळेचं गणित आहे. आपण पश्चिमेकडून किनाऱ्याकडे येतो, सकाळी ऊन समोर, पाणी नुसतं चकाकतं, खडप दिसत नाही. दुपारी ऊन पाठीवर येतं, पण तोवर वायव्येचा उठलेला असतो आणि पाण्यावर सुरकुत्या पडतात. म्हणून अकरा ते बारा ही जी मधली वेळ आहे ना, मतलई मेलेली आणि वायव्येचा अजून उठलेला नाही, तीच खरी. एकाने नाळेवर उभं राहायचं, पोलराइज्ड चष्मा लावून, बाकीच्यांनी बोलायचं नाही, फक्त त्याच्या हाताकडे बघायचं.

बोट कुठे ठेवायची हा खरा प्रश्न. माझं पहिलं उत्तर देवगड. मालवणपासून समुद्राने वीसेक मैल उत्तरेला, बंदर आतल्या बाजूला वळलेलं, वायव्येच्या वाऱ्याला आडोसा, मच्छीमार बोटी खूप असतात त्यामुळे त्यांना विचारून त्यांच्या वाटेत येणार नाही अशी जागा घ्या, एक माणूस बोटीवर ठेवा आणि बाकीच्यांनी एसटी पकडून मालवणला यावं. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, शिडाने आलो आणि शेवटचा टप्पा एसटीने कसा करायचा म्हणून. पण तुम्हाला अभयारण्य बघायचंय ना, तर चौघांपैकी तिघं निर्धास्तपणे दोन दिवस बघतील, आणि मग पाळी बदला.

दुसरं उत्तर तारकर्ली-देवबागच्या समोरची वाळू. किल्ल्याच्या दक्षिणेला अभयारण्याची हद्द ओलांडली की लांबच लांब वाळूचा किनारा आहे, तिथे बाहेरच्या अंगाला पाच-सात मीटरमध्ये चांगली रेव मिळते. पण ती उघडी जागा आहे, दुपारी बोट खूप हलते, रात्री लाटेची डोल चालूच असते, ज्याला बोट लागते त्याने तिथे झोपायचा विचार करू नये. आणि तिथे रापण लागते, हे अगदी नीट लक्षात ठेवा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून होडी निघते, अर्धवर्तुळात जाळं टाकत परत किनाऱ्याला येते, आणि दोन्ही टोकांना माणसं उभी राहून ओढतात, एकेका रापणीत कितीतरी घरांचा वाटा असतो. तुमची बोट त्या अर्धवर्तुळात उभी असली तर त्या सगळ्या घरांची त्या दिवसाची ओढ गेली. म्हणून आदल्या संध्याकाळी डिंगी, म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी, घेऊन किनाऱ्यावर जा, रापणकरांना विचारा की उद्या कुठे ओढणार, त्यांनी सांगितलं तिथे बोट लावा. चहा देतील, वर बांगडे पण देतील. मालवणात अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांचा त्याला मोठा विरोध होता, पोटावर पाय येईल ही भीती होती, ती भीती खोटी नव्हती. अशा ठिकाणी बाहेरून मोठी पांढरी बोट घेऊन येणाऱ्याने आधी विचारणं हे साधं शहाणपण आहे.

कर्लीच्या खाडीत आत शिरायचा मोह होईल, देवबागच्या टोकावरून आत पाणी अगदी तळ्यासारखं दिसतं. तोंडावरचा वाळूचा बांध दर पावसाळ्यात सरकतो आणि ओहोटीला लाट फुटते. पाच फुटाच्या बुडाने स्थानिक माणूस बोटीवर घेतल्याशिवाय जाऊ नका. सर्जेकोटचंही तसंच, मच्छीमार बोटींचं छान बंदर आहे पण तुमच्या बुडाला उथळ. निवतीला मात्र किल्ल्याच्या टेकाडाच्या दक्षिणेला छोटीशी खाडीवजा जागा आहे, वायव्येच्या वाऱ्याला आडोसा मिळतो, मला ती मनापासून आवडते.

येण्याचा रस्ता फार लांबवत नाही. मुंबई ते मालवण साधारण १७५ ते १८० सागरी मैल. मुरूड, मग हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असे थांबे घेतले तर दिवसा चालून रात्री झोपता येतं. जयगड आणि विजयदुर्ग दोन्ही आडोशाला उत्तम, विजयदुर्गची वाघोटण खाडी तर या किनाऱ्यावरचा सगळ्यात निवांत आसरा. दक्षिणेला येताना दुपारचा वायव्येचा पाठीमागून मिळतो, मजा येते. पण संध्याकाळी सहाच्या आत बंदरात. अंधारात जाळी दिसत नाहीत, जाळ्यांच्या टोकाला लुकलुकणारे छोटे दिवे लावलेले असतात, कधी ते बंद पडलेले असतात, आणि पंख्यात जाळं गेलं तर तुमची रात्र गेली आणि त्या माणसाचं हजारो रुपयांचं जाळं गेलं. फसलंच तर कापून पळून जाऊ नका, थांबा, त्याला शोधा, भरपाई द्या.

दिवस निवडताना तिथी बघा. आपल्याकडचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. हे मुंबईकडचं, मालवणला भरती त्याच्या थोडी आधी येते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, भरती-ओहोटीत फरक कमी, ओढ कमी, तळाची माती ढवळत नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ, आणि ओहोटी नेमकी अकरा-बाराला, ऊन डोक्यावर असताना. प्रवाळ बघायला यापेक्षा चांगला योग नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी गढूळ, पण संध्याकाळची ओहोटी खोल जाते आणि दांडीकडून पद्मगडाच्या बाजूची खडपं उघडी पडतात, तेव्हा खळग्यांत साचलेल्या पाण्यात खेकडे, समुद्रफुलं, शंखातले जीव बघायला मिळतात. पाय मात्र कोरड्या खडकावर ठेवा, शेवाळावर आणि खळग्यात नको, आणि शंख उचलून आणू नका, रिकामा दिसला तरी, त्यात साधू खेकडा राहायला येतो. मुंबईत तुम्हाला चार-साडेचार मीटरच्या भरतीची सवय असेल, इथे उधाणालासुद्धा साधारण दोन-सव्वादोन मीटरचाच फरक.

प्रवाळ बघायला किनाऱ्यावरून स्नॉर्कलिंगच्या होड्या जातात. होडी ठरवताना एकच प्रश्न विचारा, तुम्ही नांगर कसा टाकता. जो सांगेल की आम्ही बांधून ठेवलेल्या दोराला होडी लावतो किंवा वाळूत टाकतो, त्याच्याबरोबर जा. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकणारेही आहेत, त्यांना आधीच सांगा की आम्हाला पाव नको. पावाला चटावलेले मासे शेवाळ खायचं सोडतात आणि शेवाळ प्रवाळावर चढतं. पाण्यात उभं राहायचं नाही, हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, मास्कमध्ये पाणी गेलं की माणूस घाबरून पाय खाली टाकतो आणि पाय नेमका प्रवाळावर पडतो. म्हणून आदल्या दिवशी वाळूच्या जागी तासभर सराव करा, पोहता येत असलं तरी. ज्याला नीट शिकायचंय त्याने तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्था आहे तिथे कोर्स करावा. सनस्क्रीन फासून उतरू नका, लांब बाह्यांचा स्विमशर्ट घाला. पाच-सहा मीटर दिसलं तर तो आमच्याकडे चांगला दिवस समजायचा, गोळ्यांवर पांढरे डाग दिसले तर दचकू नका पण लक्षात ठेवा, २०१५-१६ मध्ये जगभर समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले त्यात मालवणचेही होते, तापलेल्या पाण्यातून कसेबसे सावरणाऱ्या जिवाला वरून पाय आणि नांगर नको.

किल्ल्यावर मालवण जेटीवरून प्रवासी होड्या जातात, त्यांनीच जा, दरवाजा किनाऱ्याच्या बाजूला बुरुजांच्या वळणात लपवलाय, होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. तटावरून पश्चिमेला बघत बसा, ओहोटीला खडपांचे काळे पट्टे वर येतात आणि आपण जिथे नांगर टाकणार होतो ती जागा काय होती हे वरून स्पष्ट दिसतं.

डॉल्फिन तुम्हाला देवबाग ते निवतीच्या पट्ट्यात बहुतेक दिसतील, किनाऱ्याजवळ राहणारे कुबडवाले. शिडाच्या बोटीचा इथे मोठा फायदा आहे, इंजिन बंद असतं. त्यांच्या मागे बोट वळवू नका, आपली दिशा आणि वेग तसाच ठेवा, त्यांना यायचं असेल तर ते येतात. मी एकदा भोगव्यासमोर वारा पडल्यावर अर्धा तास नुसता तरंगत होतो, एक मादी पिल्लाला घेऊन बोटीच्या वीस फुटांवर आली, तिचा श्वास सोडल्याचा आवाज ऐकला, फुस्स असा, आणि मग माशाचा वास आला.

वेंगुर्ला रॉक्सबद्दल तुम्ही विचारलंयत. ती निवतीच्या समोर खुल्या समुद्रात खडकांची रांग आहे, वेंगुर्ल्यापासून साधारण पंधरा किलोमीटर, एका बेटावर दीपगृह. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी असतात, लाळेची घरटी बांधणाऱ्या भारतीय पाकोळ्या, त्या घरट्यांना परदेशात सूपसाठी भाव येतो म्हणून त्यांची चोरी होत आलीय. तिथे सुरय पक्षीही वीण घालतात. पक्षीतज्ज्ञ हुमायूं अब्दुलअलींनी या दोघांवर ऐंशीएक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. तुम्ही लांबून बघा, अर्धा मैल ठेवून पूर्वेच्या अंगाने शिडावर फेरी मारा, दुर्बीण घ्या. उतरू नका, गुहेच्या तोंडाशी डिंगी नेऊ नका, नांगर टाकायची तर जागाच नाही, खोल पाणी आणि खडक. आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळाच्या पठाराचं म्हणाल तर ती विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर बाहेर आहे, सगळ्यात उथळ भागसुद्धा वीसेक मीटर खोल, वर एकही खडक दिसत नाही, चार दिवसांच्या सुट्टीत तो विषय नको.

बोटीवरची घाण अभयारण्यात सोडायची नाही हे वेगळं सांगायला नको, पण टाकी नसलेल्या बोटींचं टॉयलेट थेट समुद्रात जातं, तुमची तशी असेल तर त्या भागात किनाऱ्यावरचं वापरा. बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेचा, पंप ऑटोवर असतो, इंजिनाखाली तेल साचलेलं असलं तर तो रात्री गुपचूप तेल बाहेर टाकतो, म्हणून देवगडलाच बिल्ज पुसून घ्या. ओला कचरा, सुका कचरा सगळा पिशवीत परत.

सुरक्षेचं दोनच ओळीत. रेडिओ चॅनल १६ चालू, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये, आणि रोज सकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा दोन्ही बघायचे. डिसेंबर शांत असतो, पण नोव्हेंबरात यायचं ठरवलंत तर फयान चक्रीवादळ विसरू नका, ११ नोव्हेंबर २००९ ला ते कोकणात आलं तेव्हा पाऊस संपलाय म्हणून कितीतरी होड्या बाहेर होत्या आणि बरेच जण परत आले नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही बंद, त्या काळात शिडाचा विचारही नको.

परत जाताना वायव्येचा तोंडावर येणार. त्याच्याशी दिवसभर भांडत बसलात तर बोटही थकते आणि माणसंही. पहाटे तीनला उठा, मतलई अंगावर घ्या, ती बाजूने येते आणि शिडाची बोट बाजूच्या वाऱ्यावर सगळ्यात छान चालते, दहापर्यंत वीस-पंचवीस मैल होतात, वायव्येचा उठायच्या आत विजयदुर्गला नांगर. फक्त आचऱ्याच्या समोर त्या वेळी जाळी टाकलेली असतात. एकाने नाळेवर टॉर्च घेऊन बसायचं, लुकलुकणारे दिवे दिसले की दोन दिव्यांच्या मधून जायचं नाही, समुद्राच्या बाजूनं वळसा घालायचा, आणि होडीतल्या माणसाने हात करून दुसरीकडे जायला सांगितलं तर तो सांगेल तिकडे जायचं.